काशीरामच्या हातची पिठी

धाकू घाडीने सुगंधाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, भातशेताचा एक आख्खा तुकडा जमिनीतून उठून त्याच्या अंगावर चालत येत होता. हिरवागार, पाणी ठिबकणारा, खाली दोन पाय फुटलेला. धाकू तेव्हा तेवीस वर्षांचा, गिरणीतून रजा काढून गावी आलेला, पायात नव्या चपला, केसांना शहरातलं तेल. शेत चालत येतंय म्हटल्यावर तो बांधावर एक पाऊल मागे सरला. दुसरं पाऊल टाकायला बांध उरला नव्हता. तो चिखलात पाठीवर आडवा झाला आणि तिथून वर बघताना त्याला कळलं, की शेताखाली एक मुलगी आहे आणि तिच्या डोक्यावर लावणीच्या रोपांचा भारा आहे.

हा भारा धाकूच्या गोष्टीत वर्षागणिक वाढत गेला. लग्नाच्या वर्षी तो दोन माणसांनी उचलावा एवढा होता. भांडुपला बिऱ्हाड केल्यावर त्याला बैलगाडी लागू लागली. आणि आपली गोष्ट ज्या वर्षी घडते त्या त्र्याऐंशी सालापर्यंत तर तो भारा थेट आंबोली घाटातून दिसत असे, आणि एसटीचे ड्रायव्हर गाडी थांबवून प्रवाशांना दाखवत असत.

गोष्टीचा पुढचा भाग मात्र धाकू सांगत नसे, तो सुगंधाच्या वाट्याचा. ती मुलगी खळखळून हसत होती. धाकूला वाटलं आपल्याला हसतेय, आणि त्याला ते आवडलंही. पण नीट पाहिलं तर ती एका पाड्याला, तरण्या बैलाला, हसत होती. पाठीमागून येऊन त्याने तिच्या भाऱ्यात तोंड घातलं होतं. बांधावरून एक आख्खा जवान मुंबईकर खाली पडला हे तिला दिसलंसुद्धा नव्हतं. धाकू घरी गेला आणि त्या दुपारी जेवला नाही. लग्नानंतर सासुरवाडीला गेला की तो गोठ्याच्या बाजूला फिरकत नसे. त्या बैलाचं एक शिंग वाकडं होतं, हे त्याने ओळखीच्या प्रत्येक माणसाला सांगितलं होतं.

तर माणूस असा. जळणं हा त्याचा धंदा नव्हता, पण हातखंडा होता. सुगंधाचं ब्लाउज शिवणारा शिंपी, तिची नाडी पाहणारा डॉक्टर, तिला 'ताई' म्हणून दोन मिरच्या जास्त घालणारा भाजीवाला, यांपैकी कुणाचंही धाकूने भलं चिंतलं नाही. रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागे. त्यातल्या निवेदकाचा आवाज सुगंधाला गोड वाटतो असं तिने एकदा सांगितलं, तेव्हापासून त्या वेळेला नेमके रेडिओचे सेल काढून पुसायची गरज पडू लागली. यात कुठे भांडण नाही, हात उगारणं नाही. धाकू फक्त गप्प बसे, आणि तो गप्प बसला की सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

परळच्या एका गिरणीत धाग्याला खळ चढवायच्या खात्यात तो पंधरा वर्षं होता. विणायच्या आधी सुताला खळ चढवतात, म्हणजे धागा मागावर तुटत नाही. मोठ्या मोठ्या टाक्यांत वाफेवर ती खळ शिजायची आणि धाकूचं काम ती घोटायचं. झाली की नाही हे तो बघून सांगत नसे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन बोटं हळूच फाकवायची. मधे तार धरली की खळ तयार. खात्यात त्याच्या बरोबरीला काशीराम होता. दोघे एकाच टाकीवर, एकाच पाळीत, आणि भांडुपच्या टेकडीवर राहायलाही भिंतीला भिंत लावून. भिंत म्हणजे पत्रा. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक येई.

ब्याऐंशी साली संप झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिनाभराची गोष्ट आहे. मग शिमगा गेला, पाडवा गेला, आणि टेकडीवरचे बाप्ये रिकामे बसले. मुलं गावी आजीकडे धाडली गेली. आणि बायका कामाला लागल्या.

काम तरी कुठलं? शेतातलं. तेव्हा नाहूरला स्टेशन नव्हतं, गाड्या न थांबता पुढे जायच्या, आणि रुळांच्या पलीकडे भातशेती होती. भाऊ नावाचा एक आगरी म्हातारा, त्याची बरीच जमीन. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की मुळा आणि माठ. त्याच्या सुना आता शिकलेल्या, चिखलात उतरेनात. त्याला मजूर बायका पाहिजे होत्या, आणि टेकडीवर आख्ख्या सिंधुदुर्गाच्या लेकीसुना बसल्या होत्या, ज्यांना झोपेत लावणी येत होती. शेवंती नावाची एक थोराड बाई पुढे झाली आणि तिने टोळी बांधली. सुगंधा तिच्यात, काशीरामची वनमाला तिच्यात.

धाकूला हे फार लागलं. या बाईला आपण शेतातून सोडवून मुंबईत आणलं, असं तो बारा वर्षं मानत आला होता. आणि मुंबईने तिला काय द्यावं, तर शेत. त्यातून ती सकाळी निघताना गुणगुणत जायची. गिरणीला जाताना धाकू कधी गुणगुणला नव्हता.

आता लावणीचा एक रिवाज आहे. सकाळी चिखलात उतरलेली बाई दुपारपर्यंत बाहेर येत नाही, आणि तिची भाकरी घरून कुणीतरी बांधावर आणायची असते. गरम आणायची असते. ज्या बाईची भाकरी येत नाही, तिच्या घरात तिचं कुणी नाही, असा त्याचा अर्थ होतो. गावाकडे हे काम सासूचं. आणि बांधावर आलेलं जेवण ज्याचं त्याने खायचं नसतं. सगळी भांडी ओळीने मांडायची आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. म्हणजे कुणाच्या घरात काय शिजतं आणि कसं शिजतं हे आख्ख्या शिवाराला कळतं.

टेकडीवर सासवा नव्हत्या. पहिल्या वर्षी बायकांनी कोरडी भाकरी सकाळीच कमरेला बांधून नेली आणि निभावलं. दुसऱ्या वर्षी, त्र्याऐंशीच्या लावणीला, एक नवल घडलं. भर दुपारी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात झाकणाचा टोप घेऊन, रूळ ओलांडून काशीराम बांधावर आला.

त्या संध्याकाळी सुगंधा घरी आली, पाय धुतले, चहा घेतला, आणि सहज बोलावं तसं बोलली.

"काशीरामभावजींनी आज कुळथाची पिठी आणलेली. मी अशी पिठी जन्मात खाऊक नाय."

बस. एवढंच. पण धाकूने चहाची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

काशीराम! पंधरा वर्षं एका टाकीवर काढलेला माणूस. रूप म्हणाल तर वाळत घातलेल्या बोंबलाने शेजारी बसायला लाजावं असं. बोलणं असं, की वाक्य सुरू करून तो तंबाखू मळायला घेई आणि तंबाखू तोंडात टाकेपर्यंत ऐकणारा घरी पोचलेला असे. अशा माणसाबद्दल कधी जळावं लागेल असं धाकूच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्याला ते जास्त झोंबलं. देखण्या माणसावर जळण्यात एक इभ्रत असते. बोंबलावर जळायचं म्हणजे माणसाने कुठे तोंड दाखवावं?

दुसऱ्या दिवशी पिठीच्या कौतुकात सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, चटणीची भर पडली. तिसऱ्या दिवशी "भावजींनी सोलं काय बेतशीर घातली होती" असं झालं. चौथ्या दिवशी सुगंधा काही बोलली नाही, नुसती आठवून हसली. ते हसणं धाकूच्या ओळखीचं होतं. वाकड्या शिंगाच्या त्या बैलाच्या वाट्याला आलेलं तेच हसणं. धाकूचा हिशेब सरळ होता. पिठीवर जीव जडला, तर पिठी करणाऱ्यावर जडायला किती वेळ लागतो?

तेव्हा त्याने ठरवलं. आयुष्यात पाणी गरम करण्यापलीकडे ज्याची मजल गेली नव्हती, त्या माणसाने सुगंधा शेतावर गेल्यावर दार आतून लावलं, वातीचा स्टोव्ह पेटवला आणि कुळथाच्या पिठाचा डबा पुढ्यात ओढला. काशीरामपेक्षा चांगली पिठी करायची आणि ती चांगली आहे हे सुगंधाच्या तोंडून ऐकायचं. दुसरं काही नको होतं त्याला. गिरणी सुरू झाली नसती तरी चाललं असतं.

पिठीत काय आहे? लसूण-मिरचीची फोडणी, त्यात पाणी, पाण्याला उकळी, थंड पाण्यात कालवलेलं पीठ, मीठ, आंबटपणाला सोलं. पोरीसुद्धा करतात. धाकूने हे सगळं घातलं. पण ढवळायला लागल्यावर त्याच्या हाताला पंधरा वर्षांची सवय आठवली. तो घोटू लागला. डावीकडून उजवीकडे, तळापासून, न थांबता, खात्यात घोटत असे तसा. मग पिठी अंगठा आणि तर्जनीत घेतली, बोटं फाकवली. तार धरेना. आणखी घोटली. आता तार धरली, आणि धाकूचा चेहरा उजळला. टोप फडक्यात बांधून तो निघाला.

टेकडी उतरून, रूळ ओलांडून, चिखलातून शेतापर्यंत जायला जो वेळ लागला त्यात पिठीने आपलं काम पुरं केलं. बांधावर भांडी मांडली गेली. काशीरामच्या टोपातून पिठी पळीने वाढली. धाकूच्या टोपात पळी उभी राहिली. शेवंतीने ती धरून वर उचलली, तर पळीबरोबर टोपही वर आला.

मग शेवंतीने विचारलं, "रे धाकू, बायकोक जेवूक घालतंस की धाग्याक?"

हसण्याचा जो लोंढा उठला तो भाऊच्या बैलांनी माना वळवून पाहिला. सुगंधा हसली नाही. तिने टोपातून एक ढेकूळ तोडून घेतलं, भाताबरोबर खाल्लं, पाणी प्यायली, आणखी थोडं खाल्लं. धाकू तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बरी आसा," ती म्हणाली, आणि काशीरामच्या टोपाकडे हात केला.

माणसाला नावं ठेवलेली सोसतात. 'बरी आसा' सोसत नाही.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस धाकूने जे केलं त्याला टेकडीवर तपश्चर्या म्हणत, आणि पाठीमागे दुसरं काहीतरी. वाण्याच्या दुकानात तो कुळीथ दातांखाली फोडून बघू लागला. काशीराम कुठली सोलं नेतो ते बघायला त्याच्या मागे मागे बाजारात जाऊ लागला, आणि काशीराम वळला की बटाट्यांशी बोलू लागला. पत्र्याला नाक लावून त्याने काशीरामच्या फोडणीचा अभ्यास केला, पण एक गोष्ट त्याला उलगडेना. दुपारी, जेव्हा पिठी शिजायला हवी, तेव्हा तिकडून पंपाच्या स्टोव्हचा आवाज येई, पण लसणाचा वास येत नसे. धाकूने यावरून काशीराम बिनलसणाच्या फोडणीची काहीतरी गुप्त विद्या जाणतो असा निष्कर्ष काढला, आणि तो आणखीच जळला. बिनलसणाचीही एक पिठी करून पाहिली. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

पण माणूस रोज तीच चूक करायला लागला की एखाद्या दिवशी कंटाळून नवी करतो. एकदा स्टोव्हमधलं रॉकेल मधेच संपलं. पिठी अर्धीकच्ची, ताकासारखी पातळ. धाकूने कपाळाला हात लावला, पण वेळ झाली होती, तशीच उचलून नेली. बांधावर झाकण काढलं, तर पिठी अशी जमून आली होती की शेवंतीने दुसऱ्यांदा घेतली. धाकूला तिथे उभ्या उभ्या साक्षात्कार झाला. पिठी चुलीवर नव्हे, बांधावर व्हायची असते. टेकडी ते नाहूर हा तिच्या शिजण्यातलाच भाग आहे. त्या दिवसापासून त्याने घोटणं सोडलं, तार बघणं सोडलं, आणि पातळ पिठी उतरवून तडक चालायला सुरुवात केली. वाटेत कुणी हटकलं तर तो हात हलवून पुढे जाई. थांबलं की पिठी जास्त शिजेल, असं समजावून सांगायला तेवढाही वेळ नसे.

एव्हाना दुसऱ्या घरांतही काहीतरी झालं होतं. धाकू जातो, काशीराम जातो, मग आपली बायको तेवढी कोरडी भाकरी का खाते, असं बाकीच्या बायकांनी संध्याकाळी घरोघरी मोठ्याने बोलून दाखवलं. भात वितभर वाढेपर्यंत रोज दुपारी सात-आठ बाप्ये एकामागून एक, डोक्यावर गोणपाट, हातात टोप, रूळ ओलांडताना दिसू लागले. लग्नात रुखवत नेतात तसे. वर्षभरापूर्वी ज्यांनी घरात स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नव्हतं, ते नळावर एकमेकांना मेथी कुठे टाकायची ते विचारू लागले. हे कुणी ठरवलं नाही, त्यावर सभा झाली नाही. यातल्या निम्म्यांना तर आपण काय करतोय हे गावी कळू नये एवढीच चिंता होती.

सुगंधा मात्र 'बरी आसा'च्या पुढे सरकत नव्हती. धाकूच्या पिठीला आता शेवंती नावं ठेवत नव्हती. पण रोज सुगंधाचा हात शेवटी काशीरामच्या टोपाकडे जाई, आणि धाकूच्या पोटात कुळीथ पुन्हा कच्चे होत.

मग वनमाला आजारी पडली. हिवताप. चार दिवस ती घरात गोधडी घेऊन पडली होती. पहिल्याच दिवशी दुपारी काशीराम नेहमीप्रमाणे टोप घेऊन बांधावर आला. बायको शेतावर नाही, तरी बांधावरचं जेवण चुकवायचं नसतं. त्याचा चेहरा मात्र टोप चोरून आणल्यासारखा दिसत होता. झाकण काढलं. शेवंतीने पळी घातली. पळी उभी राहिली.

"आज पिठीक काय झालां?" शेवंती म्हणाली.

काशीराम पुटपुटला, की नळाचं पाणी आज जरा... आणि तंबाखूची डबी काढून मळायला लागला.

धाकू पुढे सरकला. त्याने टोपाच्या कडेची पिठी अंगठा-तर्जनीत घेतली, बोटं फाकवली. तार धरली. लांबलचक, सुंदर, न तुटणारी तार. अशी तार कुळथाच्या पिठीला येत नाही. ती यायला आधी पंधरा वर्षं परळच्या गिरणीत एका विशिष्ट टाकीवर, डावीकडून उजवीकडे, तळापासून, न थांबता घोटण्याची सवय लागते. ती पिठी धाकूला कुणी ओळखून द्यायला नको होती. ती त्याची स्वतःची पिठी होती, पहिल्या दिवसाची.

आणि मग पत्र्यापलीकडचं सगळं त्याला एकदम दिसलं. दुपारी लसणाचा वास का येत नाही. नुसता स्टोव्हचा आवाज का येतो. पिठी वनमाला करत होती, पहाटे, शेतावर निघायच्या आधी, धाकू झोपेत असताना. काशीराम दुपारी ती गरम करून, छत्री उघडून, चालत येत होता. एवढाच त्याचा पराक्रम.

काशीरामने धाकूच्या बोटांमधली तार पाहिली आणि तंबाखू मळायचा थांबला. एकाच टाकीवरची माणसं. त्याने नुसती मान खाली घातली.

धाकूच्या मनात जे झालं ते आनंदापेक्षा मोठं होतं. आणि जिंकलेल्या माणसाला मोठं मन फार स्वस्तात मिळतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण प्रेमाने बोलला, "वहिनीचा ताप उतरू दे. पिठी आपोआप बरी होईल."

त्याला वाटलं होतं बायकांना धक्का बसेल. त्या हसायला लागल्या. काशीरामला नव्हे. धाकूला.

"तुका आज कळलां?" शेवंती डोळे पुसत म्हणाली.

घरी जाताना सुगंधाने त्याला सांगितलं. पहिल्या दिवशी बांधावर पिठी उघडली तेव्हाच चवीवरून साऱ्यांना कळलं होतं, की हा वनमालाचा हात. वनमालानेच नवऱ्याला टोप देऊन धाडायला सुरुवात केली होती, घरात बसून तो आंबत चाललाय म्हणून. आणि सुगंधाने ती युक्ती एक पायरी पुढे नेली होती, रोज काशीरामचं नाव घेऊन धाकूला उठवलं होतं.

"म्हणजे तू मुद्दाम..." धाकू रुळांच्या मधेच उभा राहिला. "मला सरळ सांगता आलं नसतं, की उद्या भाकरी घेऊन ये?"

"सांगितलं असतंय तर इल्यात असतात?" सुगंधा त्याला दंडाला धरून पलीकडे नेत म्हणाली. "बैलावर जळणारो माणूस तुमी. काशीरामभावजी तर बोलूनचालून माणूस."

रागवावं असं पुष्कळ होतं, पण ते एका जागी गोळा होईना. शेवटी धाकूने जे विचारायचं तेच विचारलं. त्याची पिठी आता कशी होते?

"बरी आसा," सुगंधा म्हणाली.

गोष्ट इथे संपली असती तर धाकू कायमचा दुःखी राहिला असता. पण वनमालाचा ताप उतरला, ती बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, परत आली. अशक्तपणामुळे पहाटे उठणं तिला जमत नव्हतं, आणि काशीरामच्या पिठीला आता खुद्द काशीरामही हात लावत नव्हता. तेव्हा वनमाला धाकूच्या टोपातलं जेवली. तापातून उठलेलं तोंड, त्यात गरम पिठी. तिने वाटी तोंडाला लावून संपवली, पुन्हा पुढे केली, तीही संपवली, आणि चार बायकांच्या देखत तृप्त होऊन बोलली.

"असो घोव मिळूक नशीब लागता गो, सुगंधा."

सुगंधाचा घास हातात राहिला. ती वनमालाकडे बघत होती, वनमाला धाकूकडे बघत होती, आणि धाकू, ज्याला इतक्या दिवसांत असलं काही ऐकायची सवय राहिली नव्हती, तो लाजून टोपात बघत होता. "आणखी घ्या वहिनी," तो म्हणाला. नको ते म्हणाला.

त्या दुपारी सुगंधाच्या हातून तणाबरोबर भाताची चार रोपंही उपटली गेली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. घरी जाताना ती पुढे चालली, धाकू मागे. वनमालाची तब्येत आता चांगली असताना तिला दुसऱ्याच्या टोपातलं खायची काय गरज, असं ती एकदा हवेला उद्देशून म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर, काही बायकांना पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतं, असंही म्हणाली. रात्री जेवली नाही. आणि सकाळी निघताना, उंबऱ्यात पाय ठेवून, पाठमोरी बोलली.

"आजपास्ना फक्त माझ्यापुरतीच आणा. लहान डब्यात."

हे रिवाजाच्या विरुद्ध होतं. बांधावरचं जेवण असं कुणी एकटं खात नाही. पण त्या दुपारी सुगंधा घाडी बांधाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, मांडीवर छोटा डबा घेऊन बसली आणि तिने धाकूची पिठी एकटीने संपवली. बोटं चाटली. डब्याचं झाकणही पुसून खाल्लं. शेवंतीने दोनदा हाक मारली, तिने ओ दिली नाही.

धाकू शेजारी उकिडवा बसला होता. त्याने जळणं आजवर आतून पाहिलं होतं, बाहेरून पहिल्यांदाच पाहत होता. नाकाचा शेंडा लाल होणं, उगाच जोराने चावणं, समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्याकडेच बघणं. हे सगळं आपलंच, आणि तिच्या अंगाला किती छान बसतंय, असं त्याला वाटलं. पिठी कशी झाली हे त्याने विचारलं नाही. त्या पावसाळ्यात पुन्हा कधीच विचारलं नाही. कापणीपर्यंत रोज दुपारी, लहान डबा छातीशी धरून, कुणाशी न बोलता, तो माणूस रूळ ओलांडून जायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघून काशीरामच्या पोटात कुळीथ कच्चे व्हायचे.

पुढच्या वर्षी भाऊने जमीन बिल्डरला दिली. धाकूच्या गिरणीचा काही भाग सुरू झाला, पण त्याला परत घेतलं नाही. सुगंधाला मुलुंडला प्लॅस्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. तिथे कँटीन होतं.